मुका मार आणि नाण्याएवढी जागा

कातडी न फाटता लागलेल्या माराला आपल्याकडे ‘मुका मार’ म्हणतात. रक्त येत नाही, टाके पडत नाहीत आणि त्यामुळे घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि पुष्कळदा मार खाणाऱ्यालाही तो किरकोळ वाटतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये, कराडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल आणून टाकला होता, त्यावर माझी स्कूटर घसरली आणि पडता पडता हँडलची मूठ बेंबीच्या उजवीकडे साधारण चार बोटांवर पोटात रुतली. त्याच वेळी गुडघाही फुटला होता. रक्त गुडघ्यातून येत असल्यामुळे रस्त्यावर जमलेल्या लोकांनी, घरच्यांनी आणि मीही सगळे लक्ष गुडघ्याकडे दिले. पोटावर रुपयाच्या नाण्याएवढा गोल, निळसर ठसा उमटला आहे हे मला रात्री कपडे बदलताना दिसले.

पुढचे दीड दिवस मी जे केले, ते मी विज्ञान शिकवणारा माणूस असून केले, हे आधीच कबूल करतो. ठशावर वेदनाशामक मलम चोळले. आईने तव्यावर मीठ गरम करून त्याची पुरचुंडी बांधली आणि शेक दिला. ताज्या मारावर शेकल्याने आणि चोळल्याने सूज व आतला रक्तस्राव वाढू शकतो, हे आठवीच्या वर्गात मीच सांगत आलो आहे, परंतु आई शेकत असताना ते आठवले नाही. घरात पडून असलेली डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाची गोळीही मी घेतली. पोटाला मार लागल्यानंतर रक्तस्रावाची शक्यता निकालात निघण्यापूर्वी हे औषध स्वतःच्या मनाने घ्यायचे नसते, हे नंतर समजले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी ‘बेंबी सरकली असेल’ असे निदान करून पोट चोळून देणाऱ्या एका बाईंना बोलावण्याची तयारी केली, तेव्हा मात्र बायको आडवी आली. ‘अहो, आत काय झालंय ते कळल्याशिवाय पोटाला कुणीही हात लावायचा नाही,’ असे तिने ठणकावले आणि मला रिक्षात बसवले. त्या काकू अजूनही तिच्याशी जरा तुटकच बोलतात.

रुग्णालयात मला एक दिवस व एक रात्र निरीक्षणाखाली ठेवले. नाडी आणि रक्तदाब वरचेवर तपासला जात होता, हिमोग्लोबिन काही तासांच्या अंतराने पुन्हा पाहिले जात होते, आधी सोनोग्राफी आणि नंतर शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन झाला. इतका खटाटोप कशासाठी, असे मला त्या वेळी वाटले होते. कारण असे की सोनोग्राफीत पोटात साचलेले रक्त चटकन दिसते, पण आतड्याला पडलेले बारीक छिद्र, आतड्याला रक्त पोहोचवणाऱ्या पडद्याची फाटणी किंवा स्वादुपिंडाची इजा तिच्यातून निसटू शकते. सायकलच्या किंवा स्कूटरच्या हँडलचा मार तर या दृष्टीने विशेष वाईट, कारण सगळा जोर लहानशा जागेवर येतो आणि स्वादुपिंड व लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मूठ आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये चेंगरला जातो. लहान मुलांत असे अधिक घडते, कारण त्यांच्या पोटाची भिंत पातळ असते.

शिवाय पहिल्या दिवशी सगळे ठीक आहे म्हणून प्रकरण संपते असेही नाही. प्लीहेला, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या अवयवाला, बसलेला मार काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनीही, रक्तस्राव होऊन प्रकट होतो. त्यात डाव्या खांद्याला कोणतेही कारण नसताना दुखते, हे लक्षण घरी पाठवताना मला दोनदा सांगण्यात आले. स्वादुपिंडाच्या इजेनंतर काही आठवड्यांनी त्याच्याजवळ द्रवाची पिशवी तयार होऊन पोटाचा वरचा भाग भरल्यासारखा वाटतो, मळमळ होते, जेवण जात नाही. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, फाटलेले असेल आणि ते ध्यानात आले नसेल, तर त्यातून आतडे किंवा जठर छातीत सरकल्याचे महिन्यांनी, कधी वर्षांनीही उघडकीस येते. पोटाच्या भिंतीचा स्नायू आतून फाटला असेल, तर पुढे तिथे हर्निया होऊ शकतो. म्हणून मार लागल्यानंतर चक्कर, घाम, फिकेपणा, जोरात चालणारी नाडी, ताप, लाकडासारखे कडक झालेले किंवा फुगत जाणारे पोट, न थांबणारी उलटी, काळे शौच अथवा लघवीतून रक्त, यांपैकी एक गोष्ट जरी दिसली, तरी वेळ न घालवता आणि काही न खाता-पिता रुग्णालय गाठायचे असते. गर्भवती स्त्रीने तर पोटावर आपटल्यानंतर लक्षणांची वाट पाहायची नसते.

माझ्या बाबतीत यांपैकी काहीच निघाले नाही. ‘काही नाही’ असा शेरा घेऊन मी आनंदाने घरी आलो. ठसा निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा होत तीन आठवड्यांत गेला. दुखणे मात्र जागेवरच राहिले.

पुढचे पाच महिने मी ‘पोटदुखीचा रुग्ण’ म्हणून हिंडलो. पोट दुखते म्हटले की विचारणारा पचनाकडे वळतो, आणि मग आम्लपित्ताच्या गोळ्या, जंताचे औषध, मुरडा थांबवणाऱ्या गोळ्या, मिरची बंद, आंबट बंद, चहा बंद, असा ठरलेला प्रवास सुरू होतो. दोन वेळा पुन्हा सोनोग्राफी झाली, एकदा एंडोस्कोपी झाली. एका ठिकाणी तर ‘उजवीकडे दुखतंय, तर खबरदारी म्हणून अपेंडिक्स काढून टाकू’ असे सुचवण्यात आले आणि खर्चाचा अंदाज लिहिलेला कागदही हातात ठेवला गेला. दुसऱ्या ठिकाणी अहवालांची चळत चाळून ‘सर, मनावर घेऊ नका’ असे सांगण्यात आले. त्या वाक्याने मला अपेंडिक्सच्या कागदापेक्षा जास्त लागले. अहवाल खरे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार इतकीच की पाच महिन्यांत पोटाच्या आत पाहणारी यंत्रे अनेक झाली, पण जिथे दुखते तिथे कुणी नीट बोट ठेवून पाहिले नाही.

मी मात्र एव्हाना शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर नोंदी ठेवू लागलो होतो, आणि आज मागे वळून पाहता निदान त्या नोंदींतच पडलेले दिसते. जेवणापूर्वी, जेवणानंतर, उपवासाच्या दिवशी दुखण्यात फरक नव्हता. शौचाला जाऊन आल्यावरही नव्हता. फरक पडत होता तो अंथरुणातून उठताना, उजव्या कुशीवर वळताना, शिंकताना, गतिरोधकावरून स्कूटर नेताना आणि फळ्याच्या वरच्या कडेला लिहिण्यासाठी उजवा हात उंचावताना. दुखण्याची जागा कधीही हलली नाही. सतत हलका ठणका असे आणि मध्येच सुई टोचल्यासारखी चमक येई. पायजम्याची नाडी त्या जागेवर आली की नकोसे होई, आणि एक नोंद तर अशी आहे: ‘चादरीचा स्पर्श खुपतो, पण दाबून धरले तर कातडी बधिर वाटते.’ हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच ते विसंगत वाटले होते.

डिसेंबरात एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी एका वयोवृद्ध शल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘गुरुजी, तळहात नको. एका बोटानं दाखवा.’ मी तर्जनी टेकवली. त्यांनी बॉलपेनने त्या जागेभोवती एक वर्तुळ काढले; ते जवळजवळ त्या जुन्या ठशाएवढेच होते. मग मला टेबलावर उताणे झोपवून त्यांनी वर्तुळाच्या मध्यावर आपले बोट दाबून ठेवले, मी कळवळलो, आणि बोट तसेच ठेवून त्यांनी सांगितले, ‘आता हाताची घडी छातीवर घाला आणि डोकं-खांदे उचला.’ मी उचलले, आणि कळ इतकी वाढली की मी त्यांचे मनगट धरले. त्यांना मात्र ते आवडलेले दिसले.

या तपासणीला ‘कार्नेटची खूण’ म्हणतात. फिलाडेल्फियातील शल्यचिकित्सक जॉन कार्नेट यांनी ती १९२६ साली वर्णन केली आणि तिच्यासाठी टेबल व बोट यांपलीकडे काही लागत नाही. डोके उचलल्यावर पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखण्याचे मूळ आतल्या अवयवात असेल, तर हा ताठ स्नायू ढालीसारखा मध्ये येतो, दाबणारे बोट आत पोहोचत नाही आणि कळ कमी होते. मूळ जर भिंतीतच असेल, तर ताणलेला स्नायू आणि बोट यांच्यामध्ये ती जागा चिमटली जाते, म्हणून कळ तशीच राहते किंवा वाढते. त्यानंतर त्यांनी स्पिरिटचा बोळा आधी डाव्या आणि मग उजव्या बाजूला फिरवला. उजवीकडे तो थंड लागण्याऐवजी विचित्र, बोथट लागला. दोन्ही बाजूंची कातडी चिमटीत धरून पाहिली. उजवीकडची चिमट खूप दुखली. उभे करून खोकायला लावले, म्हणजे हर्निया फुगतो का ते कळते. बरगड्यांच्या खालच्या कडेखाली बोटे अडकवून हलकेच ओढून पाहिले, कारण सैल झालेले बरगडीचे टोक घसरून शेजारच्या नसेला डिवचू लागले, तरी पोटाच्या वरच्या भागात असेच हट्टी दुखणे होते. वजन, भूक, ताप, शौच यांबद्दल विचारले, आणि हे सगळे झाल्यावर मग फाइल उघडून सीटीच्या फिल्म प्रकाशात धरून स्वतः पाहिल्या.

खूण बोलकी असली तरी ती अचूकच असते असे नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. अपेंडिक्सची सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचली, तर कळ भिंतीतून आल्यासारखी भासू शकते. म्हणून गंभीर कारणे आधी वगळलेली असणे महत्त्वाचे. त्या दृष्टीने पहिल्या रुग्णालयातला एक दिवस वाया गेलेला नव्हता.

आता भिंतीत नेमके काय बिघडले होते ते. पोटाच्या भिंतीला संवेदना पुरवणाऱ्या नसा छातीच्या मणक्यांपासून, सातव्यापासून बाराव्यापर्यंतच्या, निघतात आणि बरगड्यांच्या दिशेने पुढे येऊन पोटाच्या स्नायूंच्या थरांमधून सरकतात. बेंबीच्या पातळीवरची कातडी दहाव्या नसेच्या वाट्याला येते. बेंबीच्या दोन्ही बाजूंना छातीपासून ओटीपोटापर्यंत उभा असा एक स्नायू असतो, ज्याच्या घड्या व्यायामशाळेतली मुले आरशात मोजतात. त्याच्या बाहेरच्या कडेजवळ नसेची एक शाखा जवळजवळ काटकोनात वळते आणि एका चिवट, तंतुमय कड्यातून वर येऊन कातडीत पसरते. त्या कड्यात जागा मुळातच कमी. तिथे सूज आली किंवा जखम भरताना ऊती आवळली, की नस चिमटते आणि स्नायू ताणणारी प्रत्येक हालचाल तिला पुन्हा डिवचते. १९७२ साली ॲपलगेट या डॉक्टरांनी या प्रकाराला नाव दिले, ज्याचा अर्थ ‘पोटाच्या भिंतीतील कातडीच्या नसेची अडकण’ असा होतो. शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ, गरोदरपणात, घट्ट पट्ट्यामुळेही तो होतो आणि पुष्कळांत कारण सापडतच नाही. माझ्या बाबतीत ‘मार हे कारण असावं’ असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी ‘आहे’ म्हटले नाही, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

उपचार आणि निदानाची खातरजमा एकाच सुईने होते. बॉलपेनच्या वर्तुळात, सर्वाधिक दुखणाऱ्या बिंदूवर, त्यांनी लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध टोचले. सुई नेमक्या जागी पोहोचली तेव्हा मला ती ओळखीची चमक आली आणि मी ‘तीच’ असे मोठ्याने म्हणालो. पंधरा मिनिटे बाहेर बाकावर बसवून त्यांनी मला पुन्हा आत बोलावले आणि तसेच डोके उचलायला लावले. दुखले नाही. टेबलावरून उतरलो, वळलो, खोकलो, तरी दुखले नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मी पाठ सरळ करून त्या खोलीतून बाहेर पडलो आणि बाहेर बसलेल्या बायकोच्या ते माझ्या आधी लक्षात आले.

रात्री अकराच्या सुमारास दुखणे परत आले. औषधाचा बधिरपणा काही तासांचाच असतो, त्यामुळे हे अपेक्षित होते; काही लोकांना मात्र एकाच टोचणीत दीर्घकाळ, क्वचित कायमचाही, आराम पडतो. दुसरी टोचणी दहा दिवसांनी स्टिरॉइड मिसळून दिली गेली आणि तिचा परिणाम तीन आठवडे टिकला. तिसरी जानेवारीच्या अखेरीस झाली. दरम्यान नसेच्या दुखण्यावर देतात ती प्रीगॅबालिनची गोळी रात्री सुरू केली होती, पण तिने सकाळच्या पहिल्या तासाला मला अशी गुंगी येई की नववीच्या मुलांनी एकदा फळ्यावरचे चुकीचे समीकरण मला दाखवून दिले. डॉक्टरांना विचारून ती हळूहळू कमी करत बंद केली. अशी गोळी एकदम सोडायची नसते.

हा उपचार डॉक्टरांच्या हातगुणाचा किंवा माझ्या श्रद्धेचा खेळ तर नव्हे, अशी शंका मला होतीच. नेदरलँड्समधील शल्यचिकित्सकांनी हीच शंका तपासली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ४८ रुग्णांपैकी निम्म्यांना लिग्नोकेन आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी, कोणते ते न सांगता, टोचले गेले. दुखणे निम्म्याने तरी उतरल्याचे लिग्नोकेनच्या गटात १३ जणांनी, तर मिठाच्या पाण्याच्या गटात ४ जणांनी सांगितले. टोचण्यांचा उपयोग टिकत नसेल, तर ती बारीक नसच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया असते. त्याच गटाने ४४ रुग्णांवर तीही तपासली: नस खरोखर काढलेल्या २२ जणांपैकी १६ जणांना आणि फक्त चीर देऊन नस तशीच ठेवलेल्या २२ जणांपैकी ४ जणांना फायदा झाला. आकडे लहान आहेत, परंतु मिठाच्या पाण्यानेही चौघांना बरे वाटले ही गोष्ट मला फार शिकवून गेली. दुखणे खरे असते आणि तरीही त्यात मनाचा वाटा असतो. ‘मनावर घेऊ नका’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवरचा माझा राग त्या दिवशी थोडा उतरला, सगळा नाही.

टोचण्यांइतकेच काम फिजिओथेरपिस्ट ताईंनी केले. पाच महिने मी ती जागा जपत, उजवीकडे किंचित वाकून चाललो होतो, त्यामुळे कंबरही दुखू लागली होती आणि पोटाचा स्नायू सदैव आवळलेला राहत होता, म्हणजे नसेला आणखी चिमटा. त्यांनी आधी पोटाने संथ श्वास घ्यायला शिकवले. अंथरुणातून सरळ उठून बसायचे नाही. आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन उठायचे. पोटाच्या बैठका काही आठवडे पूर्ण बंद, पण चालणे बंद नाही; रोज थोडे वाढवायचे. नुसते पडून राहिल्याने हे दुखणे बरे होत नाही, उलट प्रत्येक हालचालीची धास्ती वाढते आणि धास्तीने स्नायू आवळतो. शाळेत फळ्याच्या वरच्या भागात लिहिणे मी तेवढे दिवस मुलांकडे सोपवले होते. त्या कामासाठी वर्गात भांडणे होत.

तिसऱ्या टोचणीनंतर शंभरातले ऐंशी दुखणे गेले आणि ते आठ महिने गेलेलेच आहे. थंडीच्या दिवसांत किंवा लांबच्या एसटी प्रवासानंतर ती जागा आपले अस्तित्व कळवते, पण दुसऱ्या दिवशी शांत होते. नस काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांशी सविस्तर बोलणे झाले. त्या कातडीचा तेवढा तुकडा कायमचा बधिर राहील आणि दुखणे जाईलच अशी हमी देता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ‘तुमचं निभतंय, तोवर थांबूया,’ असे ते म्हणाले आणि मला ते पटले. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा दाखवायचे आहे. हजेरीपटातली पाने सोबत नेणार आहे.